माझ्या जागी सलीम

फौजेत एक रीत होती. कागदावर कुठंच नव्हती, पण आमच्या पोस्टवर पाळली जायची. ज्याचा सण, त्याची ड्युटी त्या दिवशी दुसऱ्या धर्माचा माणूस करायचा. मी दौंडचा ख्रिस्ती, सिग्नल्समध्ये हवालदार. नायक सलीम शिरूरचा. दोन ईदना मी त्याची ड्युटी केली होती.

त्या वर्षी आम्ही उत्तरेत, बर्फातल्या पोस्टवर होतो. चोवीस डिसेंबर, सकाळी नऊ. खालच्या पोस्टची टेलिफोन लाइन तुटली. दुरुस्तीच्या पार्टीत माझं नाव होतं. मी बूट चढवत होतो.

"बस गप," सलीम म्हणाला. "तुझा सण हाय. निवांत नाव घे देवाचं."

मी खूश झालो. खोटं कशाला बोलू? शेगडीजवळ बसून बायबल उघडलं.

अकरा वीसला बर्फाचा कडा कोसळला. पार्टीतले दोघं अलीकडं राहिले, सलीम पलीकडं गाडला गेला. मधली वाट वाहून गेली. रेडिओ त्याच्यापाशी होता, पोस्टवरच्या सेटवर मी बसलो.

"कंट्रोल, कमरेपर्यंत अडकलोय. ओव्हर."

"रॉजर. पार्टी निघतेय. ओव्हर."

पार्टी निघत नव्हती. वरून बर्फ घसरतच होतं. कॅप्टनसाहेबांनी दोनदा माणसं पाठवली, दोनदा माघारी बोलावली. मग नुसतं म्हणाले, "रुको." त्यांचंही चुकलं नाही. मी मात्र दर पाच मिनिटांनी "निघतेय" सांगत राहिलो.

एक पन्नासला तो म्हणाला, "कवाची निघतीय रं? लग्नाला निघालेल्या बाया परवडल्या!"

मी हसलो. दोन दहापासून उत्तर आलं नाही. साडेचारपर्यंत हाका मारल्या. प्रार्थनाही केली. काही उपयोग झाला नाही.

आता मी निवृत्त. आमच्या घरी नाताळ म्हणजे नुसती जत्रा. करंज्या, कॅरलवाले, पाहुणे, चांदणी लावायची घाई. पाळक सांगतात, या धांदलीत घटकाभर शांत बसा, प्रभू भेटतो. त्यांना काय जातंय सांगायला! मी बसलो की रेडिओची खरखर ऐकू येते.

दरसाल चोवीसला मी एसटीनं शिरूरला जातो, सलीमच्या आईकडं. त्यांना मी चाची म्हणतो. चहा पितो, परत येतो. तो माझ्या जागी गेला, हे तोंडातून कधी निघालं नाही. गेल्या वर्षी निघालं.

चाची मेथी निवडत होत्या. हात थांबले. मला वाटलं, त्यांनी शिव्या घालाव्यात, हाकलून द्यावं, पण काहीतरी बोलावं.

"ईदला तू करायचास व्हय त्याची ड्युटी?"

"दोनदा केली, चाची."

"मग बरोबर हाय."

एवढं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडल्या. मी उरलेली मेथी निवडायला घेतली. निघताना म्हणाल्या, "उद्या तुझ्या चर्चात त्याचं नाव घे."

दुसऱ्या दिवशी चर्च खचाखच भरलं होतं. पाळकांनी विचारलं, प्रार्थनेत कुणाला कुणाची आठवण करायची आहे का. मी उठून सावधान उभा राहिलो.

"नायक सलीम. शिरूर. चोवीस डिसेंबरला माझ्या जागी गेला."

माझी बायको रूथ वळून बघायला लागली. इतक्या वर्षांत तिलाही सांगितलं नव्हतं.

मग रूथ म्हणाली, "आमेन."