मजामां, साहेब!

एकदा मागाचा धोटा सुटून मास्तरांच्या कपाळाला लागला. भुवईवरून रक्ताची धार. तेवढ्यात शेठ आत आले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "केम छो, मास्तर?" मास्तरांनी एका हातानं कपाळ दाबलं, चेहरा हसरा केला आणि म्हणाले, "मजामां!"

सुरतेत चार दिवस काढलेल्या माणसाला हे समजावायला नको. इथं 'केम छो'ला 'मजेत' याखेरीज दुसरं उत्तरच नसतं. पण रक्त वाहत असताना तुम्ही-आम्ही निदान 'अरे बाप रे' तरी म्हणू की नाही? मास्तर म्हणायचे, "कोणी प्रेमानं विचारलं, तर त्याच्यापुढे काय रडगाणं गायचं, भाऊ?"

मास्तर आमच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचे, मी माग चालवायचो. ते मूळचे धुळ्याकडचे. सुरतेतल्या नवागाम वस्तीत आमच्या खोल्या शेजारी-शेजारी. दोन घरांत एक भिंत आणि एक पाटा-वरवंटा सामाईक.

नव्वदनंतरची गोष्ट. एका हिवाळ्यात हा बोलका माणूस एकाएकी गप्प झाला. ना भांडण, ना कोणाचं मरण. कामावरून आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. ताट समोर तसंच. त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, लिंबू उतरवलं. शेवटी मीच कुठून कुठून चौकशी करून त्यांना मनाच्या डॉक्टरकडे धाडलं. गल्लीत सांगितलं, दाढ दुखतेय. झालं! गल्लीतल्या निम्म्या बायका लवंगा घेऊन दारात.

गोळ्या सुरू झाल्या आणि आठवडाभरात मास्तर उठले. उठले म्हणजे काय, बसेचनात! छातीत धडधड, तळहाताला घाम, डोळ्याला डोळा नाही. आणि पडले मिस्त्री माणूस. यंत्रातून आवाज आला म्हणजे कुठंतरी बिघाड असणारच. तसं भीती वाटते, म्हणजे कोणाचं तरी काहीतरी वाईट झालंच असणार. ते कोण, हे शोधायला मास्तर बाहेर पडले.

तेव्हा आमच्यात फोन कोणाकडे होता? खात्री करायची तर जाऊनच. पाळी संपली की कामरेजला लेकीच्या दारात हजर. "बेटा, बरी शे ना तू? बस, देखाले उनू," नुसतं बघायला आलो, एवढं बोलून पाणीसुद्धा न पिता परत. तिथून कडोदऱ्याला मेहुण्याकडे. मेहुणा धडधाकट, वर भजी खात बसलेला. पण मास्तरांना त्यानं समाधान कुठलं? हा ठीक, म्हणजे मग दुसरं कोण? एकदा तर सात वर्षं अबोला धरलेल्या चुलतभावाच्या दारात उभे राहिले. तो बिचारा 'भाऊ उना, भाऊ उना' म्हणत गळ्यात पडून रडला. सगळा गोतावळा म्हणू लागला, मास्तर किती मायाळू झाले!

आणि इकडे मास्तर आतून वाळत चालले होते.

एका संध्याकाळी वहिनी डोळे पुसत आल्या. "भाऊ, हे गोळ्या तापीत टाकायला निघालेत. म्हणतात, आधी नुसता मुका होतो, आता भित्रा पण झालो. पण बंद केल्या आणि परत भिंतीकडे तोंड करून पडले, तर मी काय करू?"

मला त्यातलं काय कळणार, कप्पाळ? पण माग बिघडला की मास्तर पहिला प्रश्न विचारायचे, "यात नवीन काय बसवलं?" मी जाऊन त्यांना तेच विचारलं. मास्तर हातातल्या गोळ्यांच्या पाकिटाकडे बघतच राहिले.

"डॉक्टरला हे सांगितलंत?"

"दोनदा जाऊन आलो ना."

तिसऱ्या खेपेला मी सोबत गेलो. बाहेर बाकड्यावर मास्तर मिनिटभर टेकले नाहीत. नंबर लागला. डॉक्टरांनी हसून विचारलं, "केम छो, काका?"

"मजामां, साहेब!"

"सरस. गोळी चालु राखो." आणि त्यांनी पेन उचललं.

माझं टाळकंच सरकलं. "साहेब, खोटं बोलतायत हे! कसली मजा आणि कसलं काय! महिना झाला धड झोपले नाहीत. नातेवाईक जिवंत आहेत का ते बघत गावोगाव हिंडतायत!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग एक-एक करून सगळं विचारलं. काही जणांना या गोळीनं अशी घाबरल्यासारखी अवस्था होते, म्हणाले. गोळी बदलून देतो, पण मनानं काही बंद करायचं नाही, आणि काय होतं ते मला खरं सांगायचं.

मास्तर हळूच म्हणाले, "म्हणजे ही भीती माझी नव्हे?"

"नाही, काका. औषधाची."

त्यांनी असा श्वास सोडला, की टेबलावरचे कागद हलले.

तीनेक आठवडे गेले. मास्तर जरा खाऊ लागले होते, पण बरे झाले यावर मी पैज लावली नसती. आणि एका गुरुवारी ते कामावर आलेच नाहीत. वहिनी म्हणाल्या, "सकाळीच कामरेजला गेले." परत सुरू झालं! शेठला न विचारता निघालो, जीपला लटकून कामरेज गाठलं. रस्ताभर माझीच छाती धडधडत होती, आणि मी तर कसलंच औषध घेतलं नव्हतं.

लेक दारातच होती. मला बघून तिनं तोंडावर बोट ठेवलं. अंगणात निंबाखाली खाट होती आणि खाटेवर मास्तर, तोंड उघडं टाकून घोरत पडलेले.

"काका, हळू बोला," ती कुजबुजली. "आज पहिल्यांदा जेवायला थांबले. दोन भाकरी खाल्ल्या. म्हणाले, जरा आडवा होतो."

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू?

"काही काम होतं का? उठवू?"

"खबरदार!" मी म्हणालो, आणि पायातल्या चपला काढून खाटेशेजारी माश्या हाकत बसलो.