सुजाताच्या हातातला डँपर

भूतबीत, अंगात येणं, नजर लागणं यातलं मी काहीही मानत नाही. आमच्या घरात बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा सगळ्यांना तोंडपाठ. असल्या गप्पा कुणी ओट्यावर बसून सुरू केल्या तर आबा सरळ उठून जायचे. त्यात मी कर्जतच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे हे इथे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण गेलं वर्षभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहिते.

आबा म्हणजे माझे वडील. पोशीरला आमचं घर, थोडी भातशेती आणि एक जुनी जीप. माझ्या लहानपणी आबा त्या जीपमधून नेरळ स्टेशनपासून आसपासच्या गावांना पॅसेंजर सोडायचे. पुढे रिक्षा वाढल्या आणि धंदा बंद पडला, पण जीप त्यांनी विकली नाही. बाजाराला, दवाखान्यात, कुणाच्या लग्नाला – सगळीकडे जीपच.

कॉलेजात असताना मी त्यांच्या मागे लागले होते, "आबा, मला शिकवा ना चालवायला."

"पोरीच्या जातीला जीप काय करायचीय गं? मनगट मोडून घेशील."

एकदा नाही, अनेकदा विचारलं. उत्तर तेच. शेवटी लग्नानंतर मी कर्जतला ड्रायव्हिंग स्कूल लावलं आणि एका परक्या माणसाकडून गाडी शिकले. आबांनी लायसन्स हातात घेऊन बघितलं, "छान" म्हणाले. बस्स.

मग माझ्या धाकट्या भावाचं, मिलिंदचं लग्न झालं. सुजाता लोधिवलीची. बोलायला मोकळी, कामाला चटपटीत. त्याच सुमारास आबांचे गुडघे गेले आणि क्लच दाबवेना. मिलिंद खोपोलीच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, त्याला बाइकशिवाय कशात रस नाही. एका रविवारी मी माहेरी गेले तर शेताच्या कडेच्या मोकळ्या जागेत जीप फिरत होती. ड्रायव्हर सीटवर सुजाता, शेजारी आबा, आणि तिच्या हातावर त्यांचा हात!

जीप माझ्यासमोर येऊन थांबली. आबा खिडकीतून म्हणाले, "बघ, कशी वळवते!"

मी हसले. घरात जाऊन चहा घेतला तो अर्धाच ठेवला. जे मी इतकी वर्षं मागितलं ते हिला न मागता मिळालं होतं. सून म्हणून येऊन वर्षही झालं नव्हतं हिला. त्या दिवसापासून सुजाताचं काहीच मला धड बघवेना. तिची भाकरी, तिचं हसणं, आणि जीप रिव्हर्स घेताना मान मागे वळवायची तिची पद्धत तर अगदी आबांसारखी... तीसुद्धा.

मागच्या वर्षी आबा गेले. हार्ट अटॅक, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मिलिंद म्हणाला, "ताई, जीपचं काय करायचं? काढून टाकू का?"

"काढायची नाही. मी नेते," मी म्हणाले.

सुजाता मोरीत भांडी घासत होती. तिचा हात थांबला. तिला वाईट वाटलं हे मला कळलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी जीप आणायला गेले. दुपारची वेळ, शेतांमध्ये भातझोडणी चाललेली. नेरळ ओलांडून कर्जतच्या रस्त्याला लागले, थोडा वेग घेतला आणि पुढचं चाक एका खड्ड्यात आपटलं. त्याबरोबर स्टेअरिंग जे थडथडायला लागलं... डावी-उजवी, डावी-उजवी, दोन्ही हातांनी आवळून धरलं तरी थांबेना. पुढची चाकं निखळून जातात की काय असं वाटलं. जीप पार थांबायला आली तेव्हा कुठे ते शांत झालं. मी कडेला घेतली. पुन्हा चालवायची हिंमत होईना.

मिलिंदला फोन केला तर तो ड्युटीवर. म्हणाला, सुजाताला पाठवतो. मला नको होतं, पण दुसरा इलाजही नव्हता.

ती रिक्षाने आली. मी काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "थरथरते? माझ्या हातात तर कधीच नाय थरथरली, ताई."

अगदी साधेपणाने म्हणाली. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वळव गाडी. त्याच खड्ड्यात घाल," मी म्हणाले.

"मुद्दाम?"

"हो, मुद्दाम. तेवढ्याच स्पीडला."

तिने घातली. चाक आपटलं, स्टेअरिंगला एक झटका बसला आणि झालं, जागच्या जागी शांत. मग मी चालवून बघितली, ती शेजारी. पुन्हा तेच थडथडणं! तिने घाबरून डॅशबोर्ड धरला. पुन्हा ती बसली, तर काही नाही. माझी पकड चुकत असेल, असं मी स्वतःला समजावलं. मनातून मात्र वाटलं, आबांनी शिकवलेली ती ना... मला कुठे शिकवलंय!

दुसऱ्या दिवशी आम्ही खोपोलीच्या शिळफाट्याला सलीमभाईंच्या गॅरेजला गेलो. आबांची जीप ते कित्येक वर्षं बघायचे. चालवायला अर्थात सुजाता. मी शेजारी, पाहुणीसारखी.

सलीमभाई जीपखाली गेले आणि लगेच बाहेर आले. "स्टेअरिंगचा डँपर गेला," म्हणाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – बाइकला मागे शॉकअप असतो ना, तसंच एक नळकांडं जीपला पुढे आडवं बसवलेलं असतं. आत तेल असतं. रॉड दाबला की तो सावकाश, जोर लावूनच आत जातो. रस्त्याचे धक्के हे नळकांडं खातं, म्हणून ते स्टेअरिंगपर्यंत पोचत नाहीत. ते गेलं की चाकं थडथडायला लागतात. इतकं सरळ गणित.

त्यांनी डँपर खोलून काढला आणि माझ्यासमोर धरला. बाहेरून तेल गळून गळून काळा थर बसलेला. एका बोटाने रॉड आत ढकलला तर सर्रकन गेला, बाहेर ओढला तर तसाच आला. "बघा मॅडम. मेला हाय हा. आजचा नाय, लय आधीचा."

"मग हिच्या हातात गाडी थरथरत का नाही?" मी विचारलं.

"हात हलका असंल त्यांचा," म्हणत ते नवीन डँपर आणायला आत वळले.

सुजाताने तो जुना डँपर उचलला. सहज, बघायला म्हणून. रॉड दाबला आणि म्हणाली, "हा तर कडक हाय की वो."

सलीमभाई हसत मागे आले. मी बघत होते. ती दोन्ही हातांनी दाबत होती आणि रॉड अगदी हळू आत जात होता, तेल दाबलं जाताना येतो तसा बारीक फुसफुस आवाज करत. सलीमभाईंनी तिच्याकडून घेतला. सर्रकन आत. परत तिला दिला. पुन्हा हळू, जोर लावून. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

मी घेतला. माझ्या हातात ढिला. अगदी खुळखुळ्यासारखा ढिला. उभा धरला, आडवा धरला, उलटा केला... काही फरक नाही. मग मी तिला म्हणाले, "तू धर. मी वरून हात ठेवते." तिच्या हातांवर माझे हात ठेवले आणि आम्ही दोघींनी मिळून दाबला.

आणि मला तो जोर लागला. आतून कुणीतरी सावकाश, न रागावता, विरोध करावा तसा. मी तिचे हात सोडले नाहीत. मग तिने हळूच आपले हात काढून घेतले, डँपर माझ्या एकटीच्या हातात राहिला... आणि रॉड खटकन आत गेला.

मला त्या क्षणी भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. मला फक्त इतकंच वाटलं, की हेसुद्धा हिलाच?

सलीमभाईंनी घाईघाईने नवीन डँपर बसवला. जुना कचऱ्याच्या ढिगात टाकणार तेवढ्यात सुजाता म्हणाली, "मला द्या तो. मी नेते."

"मी नेते" ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हणाले, "सलीमभाई, हा कापा. आत काय आहे ते मला बघायचंय."

"कशाला मॅडम? भंगार हाय."

"ताई, नको ना," सुजाता म्हणाली. "राहू द्या तसाच. पाया पडते."

"कापा," मी म्हणाले.

ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या आणि नळकांडं मधोमध उघडलं. आत तेलाचा थेंब नव्हता. गंजाची तांबडी भुकटी, आणि सीलचा रबर होता तो बोट लावताच चुरा होऊन पडला. त्यात विरोध करायला काही उरलेलंच नव्हतं. म्हणजे मघाशी माझ्या हातांना जे लागलं ते यातून येणं शक्यच नव्हतं. सलीमभाईंनी ग्राइंडर बंद केला, एकदा सुजाताकडे बघितलं आणि नळावर हात धुवायला निघून गेले.

येताना मी चालवत होते. खोपोली मागे पडली. जीप नवीन असल्यासारखी सरळ पळत होती, खड्डे कळत नव्हते. सुजाताने ते दोन तुकडे पेपरात गुंडाळून मांडीवर घेतले होते. तिचे डोळे लाल झाले होते. पळसदरीच्या आसपास ती म्हणाली, "ताई, एक सांगू? रागवणार नाय ना?"

"सांग."

"आबा घरात मला सुजाताच म्हणायचे. पण जीपमध्ये बसलो की वैशाली. वैशाली, क्लच दाब. वैशाली, आरशात बघ. वैशाली, घाबरू नको गं, मी हाय."

मी जीप कडेला घेतली. वैशाली माझं नाव.

"आधी वाटलं, चुकून येतंय तोंडात. एकदा म्हटलंसुद्धा, आबा, मी सुजाता. ते म्हणाले, हां हां. आणि फुडच्या वळणाला परत वैशाली. शेवटपर्यंत तसंच." ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. "मला लय राग यायचा तुमचा. घाम माझा निघायचा आणि नाव तुमचं."

"मग तू ओ द्यायचीस?"

"द्यायची. काय करणार?"

मला वाटलं होतं तिचा हेवा फक्त मीच करते. ती माझा करत होती. मी तिची माफी मागितली नाही, तिनेही माझी मागितली नाही. मग तिने स्वतःच म्हटलं, "चला ताई, घरी वाट बघत असतील तुमची."

जीप आता माझ्याकडे आहे. माझ्या हातात चालते, तिच्या हातातही चालते, दोघींच्या हातात सारखीच. ते कापलेले तुकडे सुजाताकडे आहेत. मी मागितले नाहीत.

आमच्या शाळेतल्या फिजिक्सच्या सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आत हवा अडकली असेल, धरायच्या कोनामुळे रॉड अडकत असेल, किंवा तुम्ही दुःखात होतात. पहिल्या दोन गोष्टी मी मान्य केल्या असत्या. पण आतला तो चुरा मी माझ्या बोटांनी चाचपलाय. आणि दुःखात मी होते, सलीमभाई नव्हते. तुमच्यापैकी कुणी गॅरेज लाइनमधलं असेल आणि असं होऊ शकतं म्हणत असेल, तर जरूर सांगा. मला खरंच ऐकायचंय.

खोटं कशाला बोलू, रात्री जाग आली की तो रॉड कसा अडला हा प्रश्न मला पडतच नाही. मला एवढंच वाटत राहतं – आबा, हाक मला मारत होतात ना? मग माझ्या हातात का नाही?