खंडेनवमीची बंदूक

त्या दुष्काळात शहरात सगळ्यांत स्वच्छ कोण राहत असेल, तर वाळूजच्या कारखान्यातल्या आमच्या गाड्या. माणसं तांब्याभर पाण्यात पंधरवडा काढत होती. गाडीचा सांगाडा मात्र रोज इतक्या हौदांतून बुचकळून निघायचा, की त्याला सर्दी कशी होत नाही हेच मला कळायचं नाही. अंघोळीनंतर गंज अडवणारा थर, त्यावर अस्तर, मग रंग, वर काचेसारखं वार्निश. एवढे कपडे मला माझ्या लग्नातही मिळाले नाहीत.

वरचे दोन थर आम्ही बंदुकीनं, म्हणजे स्प्रेगननं मारायचो. लासूर स्टेशनचा एक कंत्राटी गडी आमच्यात होता. त्याच्या फवाऱ्यात माशी सापडली तर तीही एकसारखी चकाकत उडून जायची. त्याला कायम करायचं की नाही, हे दसऱ्यानंतरच्या पहिल्या गाडीवर ठरणार होतं.

खंडेनवमीला आमच्या रंगखात्याच्या साहेबांनी सांगितलं होतं, हत्यारांना लांबूनच हात जोडा. पण या गड्यानं, घरी विळ्याला लावतात तसं, बंदुकीच्या तोंडाला तेल-कुंकू लावलं. नंतर पुसलंही. पण तेल कुठं एवढ्यानं निघतं? थेंबभर तेल असलं तरी रंग तिथून पळतो आणि खड्डा राहतो. दसऱ्यानंतरच्या त्या पहिल्या गाडीचं पांढरं बॉनेट रंग सुकवायच्या भट्टीतून बाहेर आलं ते तोंडभर देवीचे व्रण घेऊन.

"तेल कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"माझं," गडी म्हणाला. "नवमीला लावलं व्हतं. वर्षभर राबती ती, सणाला कोरडी कशी ठेवायची?"

"संध्याकाळपर्यंत यात मला माझं तोंड दिसलं, तर तुझं नाव वर पाठवतो. नाही तर घरी जाऊन विळाच पूज."

खड्डे घासायला ओला पॉलिश कागद फिरवावा लागतो. नेमकी त्याच दुपारी कारखान्याची तोटी फुसफुसली आणि गप झाली. टँकर पडेगावच्या नव्या कॉलन्यांनी वाटेतच गिळला, असं मी आजही छातीठोक सांगतो.

आमच्यातले सगळ्यांत जुने रंगारी, त्यांना सगळे चाचा म्हणत, त्यांनी आपली पाण्याची बाटली गड्यापुढं धरली.

"ले लासूर. पीना है तो पी, घिसना है तो घिस. दोनो नहीं होनेका."

"मंग तुमी काय पिणार, चाचा?"

"मैं तेरे पेढे खाऊंगा."

मग एकेकाची बाटली येत गेली. माझी सगळ्यांत शेवटी, तीही एक घोट घेऊन. इतिहास खरा लिहावा. गड्यानं बॉनेट घासलं, बंदूक थिनरनं धुतली, थर पुन्हा मारले. भट्टीतून ते निघालं तेव्हा आमच्या जिभा कोरड्या कागदासारख्या झाल्या होत्या.

साहेब वाकले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मग खिशातून कंगवा काढून बॉनेटमध्ये बघत भांग पाडला.

"नाव पाठवतो," ते म्हणाले. "जरा पाणी द्या रे कुणीतरी."

आम्ही सगळे बॉनेटकडं बघत राहिलो.