बंगला दाखवणारा

वणीजवळ कापसाच्या एका व्यापाऱ्याचा जुना बंगला आहे. आता तिथे हॉटेल आहे. मी भाजी पोचवतो, म्हणून पाहुण्यांना बंगला दाखवणारा गाइड रोज कानावर पडतो. तो सांगतो तो बंगल्याचा इतिहास दर आठवड्याला बदलतो. "खरं सांगतलं तं कोणी जेवाले थांबत नाही," तो मला म्हणतो.

परवा एक म्हातारी आली. तरुणपणी तिने इथे भांडी घासली होती. जेवणाच्या खोलीत तिला एकदा बसून पाहायचं होतं. मॅनेजर तिला दारातूनच परत पाठवत होता. गाइडने हाताला धरून तिला मधल्या खुर्चीवर बसवलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "या घरच्या थोरल्या सूनबाई."

"काहून खोटं बोलतं, बापू?" ती पुटपुटली.

"जेव, माय."

पाहुणे अदबीने उठून उभे राहिले. मॅनेजरने स्वतः तिला वाढलं.