एका नंबरावरची माणसं

मिरजेतल्या ज्या हॉस्पिटलात मी नोकरी करतो, तिथल्या कॉम्प्युटरच्या लेखी मी एका भल्यामोठ्या कुटुंबाचा कर्ता आहे. माझ्या एकट्याच्या मोबाईल नंबरावर आमची निम्मी भावकी आजारी आहे. नाव नोंदवताना खिडकीवर नंबर विचारतात, आणि रहिमतपूरकडचा आमच्या गावचा माणूस आला की स्वतःचा नंबर देतच नाही. खिशात फोन वाजत असला तरी माझाच देतो. मग रक्ताचा रिपोर्ट, एक्स-रे, पुढच्या तपासणीची तारीख, सगळं माझ्याकडे येतं. मी ते वाचायचं आणि ज्याचं त्याला फोन करून सांगायचं, अशी पद्धत पडली आहे. कुणी पाडली विचाराल तर कुणीच नाही. मी कॉम्प्युटर विभागात आहे हे गावाला कळलं, तेवढं पुरलं.

यात गमतीही झाल्या. चाळिशीतल्या मला, पुरुषमाणसाला, ‘आपला सातवा महिना सुरू झाला आहे, लोहाच्या गोळ्या विसरू नका’ असा संदेश आला होता. तो पाहून ऑफिसातल्यांनी मला दोन दिवस सुखानं जेवू दिलं नाही.

नवी सिस्टीम आली तेव्हा आमच्या साहेबांनी फर्मान काढलं, एक माणूस, एक नंबर. एकाच नंबरावर ढीगभर पेशंट असले तर ते शोधून दुरुस्त करा. शोधायला बसलो तर यादीत सगळ्यात वर माझाच नंबर. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी एकेकाला फोन लावला. चुलती म्हणाली, “आरं, आमचा फोन पोरं कुठंबी टाकत्यात. तुझा नंबर कसा कायम हाय. आनी आमाला ते इंग्लिश कळतंय व्हय? तू सांगतोस, बास की.” सगळ्यांचं उत्तर थोड्याफार फरकानं हेच. मी तो नाद सोडला. सिस्टीमला पटो न पटो, आमच्या गावाचा नंबर एकच राहिला.

पहिल्या वर्षी रिपोर्टात काही वाईट दिसलं की माझे हात थरथरायचे. कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव करत मी जिन्यात उभा राहायचो. पुढं पुढं सवय झाली. कुणाची किडनी, कुणाची साखर, कुणाच्या हृदयाची झडप, जेवता जेवता एका हातानं फोन लावून सांगायला लागलो. घाबरू नका, वेळेत कळलंय, डॉक्टर चांगले आहेत. ही वाक्यं तोंडात इतकी बसली की त्यांच्यासाठी घासही थांबवावा लागत नसे. कोण गेलं, कोण वाचलं, मला काही वाटेनासं झालं. बायको एकदा म्हणाली, “तुम्ही बातम्या वाचल्यासारखं सांगता.” मी म्हणालो, मग काय रडत सांगू? ती उठून गेली.

गेल्या हिवाळ्यात दादा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि गावी ऊस करतो. वडील गेल्यावर मला वाढवलं ते त्यानंच, सुट्टीत येऊन आणि सुट्टी नसताना पत्रांतून दरडावून. त्याला घास गिळताना बोचत होतं. सोबत शेजारच्या घरातले आमचे चुलते, आण्णा, हेही होते, त्यांच्या पाठीवर गाठ आली होती. डॉक्टरांनी दोघांचाही तुकडा काढून तपासायला पाठवला. नंबर अर्थातच माझा.

दोन्ही रिपोर्ट एका दुपारी, एकापाठोपाठ आले. चुलत्यांची गाठ साधी चरबीची निघाली. दादाच्या रिपोर्टात कॅन्सर होता.

मी डबा उघडून बसलो होतो. चुलत्यांना लगेच फोन लावला, काही नाही, निवांत राहा म्हणालो. मग उरलेली भाकरी खाल्ली. डबा धुतला. साहेबांनी बोलावलं तर जाऊन बसलो, कुठल्याशा तक्त्यात दोन रकाने वाढवायचे ठरले, ते वाढवले. मला काहीच वाटत नव्हतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर तेव्हाच सांगून मोकळा झालो असतो. दादाचा नंबर मात्र लावला नाही.

संध्याकाळी डेअरीला दूध घालून त्याचाच फोन आला. “आला का रं रिपोर्ट?”

“न्हाई अजून.”

“बरं.” मग म्हशीचं बोलला, ऊसतोडीच्या टोळीचा पत्ता नाही म्हणाला, आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. “न्हाई आला, दादा.” “बरं.” एवढं सरळ ‘बरं’ तो आयुष्यात म्हणाला नव्हता, पण माझं डोकं इतकं बधीर होतं की ते माझ्या ध्यानातच आलं नाही. उपचाराला उशीर होतोय, एवढं मात्र कळत होतं. शेवटी रजा टाकली, येतोय एवढंच दादाला कळवलं आणि सकाळच्या पॅसेंजरनं रहिमतपूरला उतरलो. दादा मोटरसायकल घेऊन स्टेशनवर उभा होता. रजा कशी मिळाली, असं त्यानं विचारलंसुद्धा नाही.

घरी न नेता त्यानं गाडी थेट मळ्यात घातली. मोटर चालू होती, पाणी उसाला चाललं होतं. तो बांधावर बसला. मी उभाच राहिलो. पॅसेंजरमध्ये पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली.

“दादा, तो रिपोर्ट…”

“ठाव हाय मला.”

“कुणी सांगितलं?”

“तूच की.” तो पाण्याकडं बघत म्हणाला. “आमी दोघं एका दिवशी आलो, एका टायमाला तुकडा दिला. आण्णाला तू जेवताना फोन करून सांगितलंस. माझा तेवढा आला न्हाई व्हय? समद्या गावाचं तू भाकरी खात सांगतोस. माझंच तुझ्याच्यानं सांगवंना, तवाच कळलं.”

“मग रोज फोन करून कशाला इचारत हुतास?”

“तुझ्या तोंडनं ऐकायचं हुतं.” त्यानं माझा हात धरून खाली बसवलं. “आता सांग. बाकीच्यांस्नी सांगतोस तसंच सांग.”

घाबरू नका, वेळेत कळलंय, डॉक्टर चांगले आहेत. वाक्यं सगळी तोंडाशी होती. त्यातलं एकही दादाला म्हणता येईना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझे हात पुन्हा थरथरायला लागले, आणि ते लपवायला मध्ये फोनसुद्धा नव्हता.

“दादा,” मी म्हणालो, “मला लय भ्या वाटतंय.”

त्यानं माझा हात सोडला नाही.

“मला बी, गड्या,” तो म्हणाला.