दुमजली बोटीचा वरचा मजला

मला वाटलं होतं, लोक आधी विचारतील की बोट किती वेगाने पळते. इंजिन कोणतं, लाट आली तर काय, प्यायचं पाणी किती मावतं. इंग्लंडमध्ये बोटींचं डिझाइन शिकताना या सगळ्याची उत्तरं मी पाठ केली होती. मग यवतमाळला परत आले, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत काकांच्या शेडमध्ये अडतीस फुटांची फ्लायब्रिज यॉट उभी केली, आणि आलेल्या प्रत्येकाने पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न विचारला, "वर जायचा जिना कुठं आहे?"

शेडमध्ये बोट उभी असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. फाटक उघडं ठेवलं की ते आपणहून आत येतात, चपला काढतात आणि बोटीवर चढतात. (चपला काढायला इथे कोणाला सांगावं लागलं नाही. तिकडे त्यासाठी पाटी लावतात.) माझ्या मैत्रिणी हल्ली फोन केला की "कशी आहेस" विचारत नाहीत, "आज कोण आलं होतं" विचारतात. त्या हसतात, मीही हसते. पण त्या जिन्याचं नाव निघालं की माझं हसू थांबतं.

का, ते आधीच सांगते. काका फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवतात. दिग्रसचे कापूस जिनिंगवाले विलासभाऊ त्यांचे जुने गिऱ्हाईक. त्यांना धरणाच्या पाण्यात पर्यटकांसाठी ऐटदार बोट हवी होती आणि ते ती गोव्याहून आणणार होते. मी म्हटलं, इथेच बनवू. फायबरवर हात बसलेली माणसं इथे आहेत, एवढं मोठं पाणी इथे आहे. समुद्र नाही म्हणून आपल्याकडे बोट बनू शकत नाही, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

आता फ्लायब्रिज म्हणजे छतावरचा उघडा मजला. तिथे दुसरं स्टिअरिंग, गोल सोफा, ऊन खात पडायची गादी, छोटा फ्रिज. अशा बोटीची सगळी शान तिथे असते आणि सगळा धोकाही तिथेच असतो, कारण वर वजन वाढलं की बोट कलंडू शकते. माझ्या आराखड्यात वर दहा माणसं चालत होती. अकरावा चढला की मी खाली उभी राहून मोजायला लागायचे.

*

मारेगावच्या बचत गटातल्या चौदा बायका आल्या होत्या. मी त्यांना मागून पुढे नेलं. ही पोहायला उतरायची फळी, ही काचेच्या दाराची बैठक, हे किचन, इथून तीन पायऱ्या खाली दोन बेडरूम. पुढच्या बेडरूममधल्या पलंगावर तिघी आडव्या पडून आल्या. मग मी संडास दाखवला. चकचकीत, बटण दाबलं की पाणी. एका मावशींनी बटण दाबून पाहिलं.

"अन् घान कुठं जाते?"

"टाकीत साठते, मावशी. किनाऱ्यावर आल्यावर उपसून घेतात."

"म्हंजे आपल्यासंगच फिरते?"

"हो."

मावशींनी बाकीच्यांकडे एकदा पाहिलं. "मंग मी तं घरूनच जाऊन येईन, बापा."

त्यानंतर बैठक, किचन, बेडरूम, सगळं विसरून चौदाच्या चौदा जणी जिना चढल्या आणि एकाच कठड्याशी उभ्या राहून फोटो काढू लागल्या. बोट लोखंडी स्टँडवर घट्ट होती, तिला काहीही होणार नव्हतं. तरी मी खालून दोन्ही हातांनी तिला धरलं. काका चहा घेऊन आले आणि बघतच राहिले.

"तू काय धरून राह्यली वं?"

*

काकांचे शेजारी नामदेवकाका, जन्मभर एसटी चालवून निवृत्त झालेले. ते वरच्या स्टिअरिंगवर बसले, आरसा नाही म्हणून नाराज झाले, आणि मग पायाने काहीतरी शोधू लागले.

"हे रेस झाली. हा गिअर झाला. ब्रेक कुठं गेला?"

"बोटीला ब्रेक नसतो, काका. थांबवायची असली की रिव्हर्स टाकायचा."

"चालत्या गाडीले?"

"हो."

ते शांतपणे उठले. जिना उतरले, चपला घातल्या आणि काकांना म्हणाले, "बिना ब्रेकची गाडी मी कधी डेपोच्या बाहेर नाई काढली. पोरगी हुशार आहे, पन तिले विचारून घे एकदा."

काकांनी मला खरंच विचारलं. मी अर्धा तास समजावलं. त्यांना पटलं, पण बोलता बोलता माझा आवाज चढत गेला होता. तो त्यांच्यासाठी नव्हता, इथे बोट बनत नाही म्हणणाऱ्यांसाठी होता, हे माझं मलाच कळलं.

*

विलासभाऊंबरोबर त्यांच्या पत्नी रेखावहिनी आल्या. त्यांनी किचनमधली शेगडी पाहिली आणि तिच्याभोवतीच्या स्टीलच्या कठड्यावर बोट ठेवलं.

"हे कायले?"

"बोट हलली तर भांडी घसरू नयेत म्हणून, वहिनी."

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "तुमी तं म्हने, तरंगते."

मग त्यांनी देवघर कुठे आहे ते विचारलं. मी बैठकीतला एक सुंदर कोपरा दाखवला. त्यांनी छताकडे पाहिलं. "याच्यावर काय आहे?"

"फ्लायब्रिज. लोक बसतील, उभे राहतील."

"देवाच्या डोक्यावर लोकायचे पाय?"

मी बेडरूम दाखवल्या. त्यांच्या छतावरही डेक होता, म्हणजे पुन्हा पाय. वहिनींचं म्हणणं सरळ होतं. ज्या जागेच्या वर कोणी चालत नाही अशी जागा बोटीत एकच, फ्लायब्रिज. आणि देवघर त्यांनी आधीच पसंत करून ठेवलं होतं. संगमरवरी!

दोन आठवडे मी फक्त हेच काम केलं. संगमरवरावरून सागवानावर आणलं, सागवानावरून एका तसबिरीवर. वहिनी शेवटी म्हणाल्या, "तू देवाचं बी वजन करून घेतलं." त्या हसत होत्या. मला मात्र त्या दिवशी फार मोठं काम फत्ते केल्यासारखं वाटलं होतं. सव्वाशे किलो वर जायचे वाचले होते.

*

बोट पाण्यात उतरवायची होती रविवारी. सरकारी तपासणी पुढच्या आठवड्यात, बोट पाण्यात गेल्यावर. रविवारची फेरी विलासभाऊंच्या भाषेत "घरच्या घरी" होती. घरचे म्हणजे साठ पाहुणे, पाळीपाळीने.

गुरुवारी मी बोट ट्रेलरसकट जिनिंगच्या वजनकाट्यावर नेली. पुढे कापसाच्या दोन गाड्या उभ्या होत्या, मागे तीन. काटेवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "माल कोनता लिहू?"

"बोट."

त्याने बराच वेळ विचार केला आणि "इतर" लिहिलं.

मागच्या कापूसवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा मी त्या चिठ्ठीकडेच बघत उभी होते. आराखड्यापेक्षा सहाशे दहा किलो जास्त. खालचा भाग मी आधीच याच काट्यावर तोलला होता आणि तो बरोबर भरला होता. फक्त वरचा मजला मी नसताना बसला होता. मी तेव्हा इंजिनासाठी मुंबईला गेले होते. म्हणजे सहाशे दहाच्या सहाशे दहा किलो वर होते.

*

आमचे फोरमन गुलाबभाऊ. टाक्या बनवण्यात त्यांचा हात जिल्ह्यात कोणी धरत नाही. मी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. ते लाजले.

"ताई, तुमच्या कागदावर फायबरचे चार थर होते. मी नऊ टाकले."

"का?"

"वरती मानसं उभी राह्यतीन. लेकरं राह्यतीन. चार थरात मले झोप नसती लागली. शेजारीपाजारी तुमच्या नावानं बोट दाखवतीन, ते मले चाललं नसतं." मग हळू आवाजात, "जाड टाकी कधी परत येत नाई, ताई."

त्यांचंही चूक कुठे होतं? टाकी गच्चीवर असते. हलकी असली तर उन्हाळी वादळात उडते. जड असली की बसून राहते. सगळ्या हयातीत ते जे शिकले होते, ते माझ्या बोटीला मनापासून दिलं होतं. जास्तीचा खर्चही सांगितला नव्हता.

मी पाण्याने भरलेल्या टाकीत घमेलं तरंगवलं. तळाला वीट ठेवली, घमेलं स्थिर. मग विटेखाली डबा ठेवून तीच वीट उंचावर ठेवली आणि बोटाने नुसता स्पर्श केला. घमेलं उलटलं, वीट बुडाली. शेडमधले सगळे जमले होते.

गुलाबभाऊंनी बाही वर करून वीट बाहेर काढली, पुसली आणि बाजूला ठेवली.

"ते घमेलं आहे, ताई. ही बोट आहे."

*

रात्री बसून, म्हणजे खरं तर पहाटेपर्यंत, मी नवा हिशोब केला. वर दहा माणसं आता चालत नव्हती. तीन चालत होती. तीसुद्धा बसून.

शुक्रवारी विलासभाऊंना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान हलवली. मला वाटलं, सुटले.

"बोर्ड लावून देऊ ना. 'वर फक्त तीन व्यक्ती.' लाल अक्षरात."

"भाऊ, बोर्ड कोणी वाचत नाही."

"मंग दोन लावू."

आणि मी गप्प बसले. हे लिहायला मला आवडत नाही, पण मी गप्प बसले. पाहुण्यांना निरोप गेले होते. काकांनी याच बोटीसाठी तीन महिने टाक्यांच्या ऑर्डर मागे ठेवल्या होत्या. आणि ही बोट रविवारी निघाली नाही, तर इथे बोट बनत नाही असं म्हणणारे सगळे खरे ठरणार होते. मी दुपारी स्वतः दोन बोर्ड रंगवून घेतले.

*

शनिवारी चार वाजता गुलाबभाऊ माझ्याकडे आले. पाठीमागे शेडमधले सगळे. फायबरचे थर चढवणाऱ्या सुनंदाबाई पुढे होत्या.

"ताई, उद्याचं ठरवाचं होतं," गुलाबभाऊ म्हणाले. "आपल्या शेडची रीत तुमाले मालूम नसंल. मोठी टाकी फाटकाच्या बाहेर पडते ना, तवा ज्यायनं बनवली ते सगळे तिच्या झाकनावर उभे राह्यते. गिऱ्हाइकासमोर. मंगच टाकी जाते."

"बरं."

"तं उद्या पाण्यात गेली की पहिले आमी सगळे वर उभे राहू. घरचे धरून एकवीस जन."

मी बोर्डाकडे हात केला. "भाऊ, वर तीनच."

"ते पाव्हन्यायसाठी ना," गुलाबभाऊ म्हणाले. "आमी बनवली आहे."

मी सुनंदाबाईंना विचारलं, "तुमची मुलगीही येणार आहे?"

"येते ना. नवीन फ्रॉक घेतला तिले."

"पोहता येतं तिला?"

"पोहाचं काय काम?" सुनंदाबाई म्हणाल्या. "बोट आहे ना."

ते गेल्यावर काका माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "त्याले उद्या उभं नाई राहू देलं, तं तो तुया हाताखाली परत काम नाई करनार," ते म्हणाले. "अन् गुलाबशिवाय दुसरी बोट बनत नाई. आता तू पाह्य."

*

रविवारी सकाळी साडेसहाला मी क्रेनवाल्याला फोन केला.

"येऊन राह्यलो, म्याडम. आठ वाजता बोट ट्रेलरवर चढवाची ना?"

"बोट नाही. फक्त वरचा मजला उचलायचा. आणि ट्रेलरवर नाही, फाटकाबाहेर जमिनीवर ठेवायचा."

त्याने क्रेन बाजूला उभी केली. "आज तं पाव्हने आहेत म्हने."

"आजच."

विलासभाऊंना काय सांगायचं ते ठरवत मी शेडवर पोचले. फाटक उघडंच होतं. मी मोठा पाना घेतला आणि जिना चढले. वर गुलाबभाऊ होते. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून कठड्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होते. मी त्यांच्या पायाशी गुडघे टेकले आणि पहिल्या बोल्टला पाना लावला.

त्यांचे हात थांबले. "काहून, ताई?"

"तुम्ही उभे राहणार आहात म्हणून," मी म्हटलं आणि बोल्ट सोडला.