सोपान वायरमनचा मुका डबा

परंदवडीचा सोपान रेल्वेत वायरमन होता. रोज सकाळी चालत घोरावाडी स्टेशन गाठायचं, गाडीनं लोणावळ्याला जायचं, दिवसभर तारांशी झटायचं आणि दिवेलागणीला घरी. त्याच्या हातचा जोड कधी सुटत नाही असं शेडमधले लोक म्हणायचे. सोपानही म्हणायचा. खरं सांगायचं तर तोच जरा जास्त म्हणायचा.

सदुसष्ट साली या गड्याला घरीच रेडिओ बनवायची हुक्की आली. पुण्याच्या जुन्या बाजारातून एकेक जिन्नस यायला लागला. आज काचेचा व्हॉल्व्ह, उद्या स्पीकर, परवा कसलंसं तारांचं भेंडोळं. चहाच्या खोक्याच्या फळ्या कापून त्याला पेटी केली. घरात वीज होती, पण एकाच बल्बापुरती. म्हणून रेडिओ लावायचा तर बल्ब काढून त्याच होल्डरमधून वायर घ्यायची आणि बाकीच्यांनी कंदिलात बसायचं. "घरात उजेड तरी ठेवा न्हाईतर आवाज तरी," असं त्याची बायको शालूबाई म्हणायची. पण पहिल्या दिवशी पेटीतून खणखणीत बातम्या आल्या तेव्हा तीही हातातलं टाकून पुढं येऊन बसली.

आणि मग ती खोड सुरू झाली. गाणं ऐन रंगात आलं की पेटी एकदम गप्प! नुसती गूं-गूं. कधी दहा मिनिटांनी आपोआप बोलायला लागायची, कधी तासानं. सोपाननं डोकं धरलं. व्हॉल्व्ह एकेक करून बदलून पाहिले. सगळे टाके पुन्हा डाग देऊन पक्के केले. पेटी खांद्यावर घालून लोणावळ्याला नेली, तर शेडमध्ये चार तास अखंड वाजली! रविवारी सकाळी घरी लावली, तरी वाजली. सोमवारी संध्याकाळी परत मुकी.

त्याची आई विठाबाई कोपऱ्यात बसून हे बघायची. एकदा म्हणाली, "सोपाना, भिमाची गिरणी बोलाया लागली की तुजा डबा मुका व्हतो बघ."

भिमाजी म्हणजे विठाबाईचा धाकटा भाऊ, घरामागच्या पिठाच्या गिरणीचा मालक. लोक रानातून परतले की संध्याकाळी त्याची गिरणी सुरू व्हायची. ती आल्यापासून विठाबाईचं जातं कोपऱ्यात पडलं होतं, आणि भाकरी करपली तरी म्हातारी दोष गिरणीलाच द्यायची. त्यामुळं सोपान नुसता हसला. "आई, तुजं आपलं कायबी," म्हणाला आणि पाचवा व्हॉल्व्ह उपसायला लागला.

आता खरी गोम ऐका. त्या आषाढात रेडिओवरची माणसं गावात येऊन जात्यावरच्या ओव्या घेऊन गेली होती. जात्याशिवाय गळा चालत नाही म्हणून विठाबाईनं दळता दळताच ओव्या म्हटल्या. सोपान तेव्हा कामावर होता. काय म्हटलं ते म्हातारीनं कुणाला सांगितलं नाही. दिवाळीआधी रेडिओवाल्यांचं कार्ड आलं: ओव्या अमुक तारखेला संध्याकाळी सव्वासहा वाजता लागणार, एकदाच. सोमाटण्याच्या दुकानदारानं आपल्याकडच्या सेटवर ऐकायला बोलावलं, तर म्हातारी ठामपणे म्हणाली, "म्या माज्या लेकाच्या डब्यावरच ऐकणार. न्हाई वाजला तर न्हाई." झालं! सोपानची झोप उडाली.

त्या दिवशी त्यानं रजाच टाकली. चारपासून पेटी झकास वाजत होती. सव्वापाचला गप्प. सोपाननं हलवली, थोपटली, शेवटी हात जोडले. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. आई न्हाऊन, चांगलं लुगडं नेसून समोर बसलेली. तिच्याकडं बघायचीही त्याला लाज वाटत होती.

शालूबाई चुलीपाशी अनारसे तळत होती. ती वैतागून म्हणाली, "अवं, डबा मेलाच हाय, तर बल्ब तरी लावा. मला हितं जळलेलं दिसंना."

सोपाननं वायर काढून बल्ब लावला. बल्ब पेटला तो निखाऱ्यासारखा लाल. सोपान बघतच राहिला. तेवढ्यात मागं गिरणीचा पट्टा उतरला, घरघर थांबली, आणि बल्ब भक्कन पांढरा झाला.

"आयला!" सोपान ओरडला. "आई, तू बोलली व्हतीस!"

बॅटरी घेऊन तो मागच्या खांबाकडं पळाला. गावात वीज आली तेव्हा खांब गिरणीपर्यंतच आला होता. मामाचीच गिरणी, म्हणून सोपाननं स्वतः वर चढून तिच्याच तारेतून घराला जोड घेतला होता. त्या जोडावर उजेड टाकला, तर तो काळा पडलेला, सैल! गिरणीचीही वीज त्याच जोडातून जायची, म्हणून तिनं वीज ओढली की घराकडं येणारी अर्धी तिथंच मरायची. दोन महिने त्यानं सगळ्या जगावर संशय घेतला होता, फक्त स्वतःच्या हातावर नाही.

सहा वाजत आले होते. जोड बदलायला वेळ नव्हता. गिरणीपुढं दिवाळीच्या दळणाचे डबे घेऊन बायांची ही रांग.

"मामा, पट्टा चढवू नका. सात वाजेपातूर थांबा."

"खुळा का काय? या बाया मला कच्चा खातील! कारण काय पर?"

सोपान सगळ्यांसमोर म्हणाला, "माजा जोड सैल हाय. म्या केलेला."

बाया खो-खो हसल्या. भिमाजीनं पट्टा खुंटीला टांगला. "चला गं, आक्काचं दळण ऐकू," म्हणाला, आणि सगळी रांग डब्यांसकट सोपानच्या अंगणात आली.

सोपाननं बल्ब काढून वायर पुन्हा लावली, पेटी तापली. निवेदक बोलला. मग जात्याची घरघर आली. सोपान वायर मुठीत धरून बसला होता. आणि आईचा आवाज लागला, खडा, स्वच्छ:

"दळण दळिते, खुंटी हातची सुटंना,
सोपान लेकाचा माझ्या, जोड कधी तुटंना!"

अंगणात असा हशा उसळला की पुढची ओवी कुणाला नीट ऐकू गेली नाही. भिमाजी तर पोट धरून खालीच बसला. सोपानचे कान लाल झाले. पण पेटी वाजत होती, शेवटच्या ओवीपर्यंत वाजली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. हसता हसता त्यानं डोळे पुसले.

विठाबाई मात्र हसली नाही. कार्यक्रम संपेपर्यंत पदर सावरून बसली, मग भावाला म्हणाली, "भिमा, लाव आता तुजी गिरणी, बाया खोळंबल्यात." आणि लेकाकडं वळली.

"सोपाना, साऱ्या मुलखानं ऐकलंय. सकाळी त्या खांबावर चढ, आन् माजी ओवी खरी कर."